करडा रंग लावून दाखव

एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारात
इरिनेओ काय्यिसाया फुटबॉलची मॅच लावून पडदे विकतो.
धावत्या पायांमागे कुठलाही डाग लपतो,
हे त्याला पक्कं ठाऊक.
मी खिशातून पेनड्राइव्ह काढला, म्हटलं,
मॅच राहू दे. करडा रंग लावून दाखव,
पडदाभर, सपाट.

पहिल्या प्लाझ्मावर करड्यातून वर आलं
बसस्थानकाचं वेळापत्रक:
ओरुरो साडेसहा, पोतोसी आठ, फलाट चार.
वर्षानुवर्षं तेच ते दाखवून
काचेला पाठ झालेलं.
दुसऱ्यावर लॉटरीच्या चॅनेलचा बिल्ला, उजव्या कोपऱ्यात.
तिसरा एका बुडालेल्या हॉटेलच्या बैठकीच्या खोलीतला,
जिथे फारशा बैठका झाल्याच नाहीत.
तो करडा करडाच राहिला.
बाई, तुम्ही तर खेचराचे दात मोजताय, इरिनेओ म्हणाला.
म्हटलं, माझ्याकडे खाण आहे. चाळीस तासांची.

खाण म्हणजे फोर्तुनातो चोके यांची रात्रपाळी,
हेल्मेटवरचा एक दिवा
आणि बाकी डोंगराच्या पोटातला काळोख.
घरच्या एलसीडीवर तो काळोख राखेसारखा फिका,
दगडातून माणूस वेगळा निघेना.
मला असा काळा हवा होता
ज्यात हात घालायला भीती वाटेल.

वजन बेचाळीस किलो. आडवा ठेवायचा नाही,
आडवा ठेवला तर काच स्वतःच्याच भाराने तडकते.
म्हणून केबलकारमध्ये भाच्याने आणि मी
त्याला मधे उभा धरला, घोंगडीत गुंडाळून.
समोरच्या आजींनी सरकून जागा दिली,
हळूच विचारलं, आजारी आहेत का?
खाली ला पास, विटांवर विटा, उतारभर.

कुणी सांगितलं नव्हतं की तो गुणगुणेल.
आतला वायू समुद्रकाठच्या हिशेबाने भरलेला,
आणि इथे, साडेतीन हजार मीटरवर,
काचेला बाहेरून दाबून धरायला पुरेशी हवाच नाही.
उजळ दृश्य आलं की एक डास,
बर्फाचं शिखर आलं की डासांचं गाव.
खाणीत मात्र गप्प.

जपायचं म्हणजे काय, तर
पहिले दोनशे तास मंद उजेड, हलती चित्रं.
खालची पट्टी लपवायची, घड्याळ लपवायचं.
चहाला उठतानाही पडदा काळा करून उठायचं.
आईसाठी फोन आला तेव्हा उठले तशीच.
दवाखान्यातून होता.
रात्र तिकडेच गेली.

सकाळी येऊन पाहिलं,
फोर्तुनातो थांबलेलेच होते,
काहीतरी बोलण्याआधीच्या श्वासात.
तीन रात्री पांढरा लावून धुतलं.
चेहरा गेला, हनुवटी गेली.
दिवा गेला नाही.
दिव्याखाली अंधार म्हणतात,
इथे दिव्याच्याच जागी:
जिथे सर्वांत जास्त जळलं तिथलं तेज सरलं,
बटाट्याच्या डोळ्याएवढा डाग.
आई महिन्याने घरी आली, चालत.

सिनेमा झाला, गेला. मग लग्नं, निवडणुका, सिमेंटची जाहिरात.
नवरीचं कपाळ तिथे आलं की
मी चित्र जरासं सरकवून बघायची.
एकदा विसरले, आणि एका उमेदवाराच्या गालावरची सावली
दोन तास उजळत बसले.
तो निवडून आला.

परवा सांता क्रूसहून एक पोरगा आला, विकत घ्यायला.
मी मॅच लावली नाही. करडा लावला.
हे बघ, इथे.
तो वाकला. काय आहे?
दिवा, म्हटलं.
कुणाचा, ते त्याने विचारलं नाही.
शंभर बोलिव्हियानो कमी केले.
वर चढला की गुणगुणतो, तेही सांगितलं.

काल त्याचा फोन:
बाई, इथे खाली सपाटीवर आणला, उभाच आणला,
चालू होतो, रंग ठीक आहेत,
पण तुम्ही म्हणाला होतात तो आवाज
येतच नाही.
बिघडला का?